मतपत्रिकेवर टोपणनाव चालत नाही : मेबल डव्ह यांच्या नावांची गोष्ट

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या मासिक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मागच्या महिन्यात अभ्यासवर्ग संपल्यावर एका मैत्रिणीने मला जिन्यात गाठलं. मोबाईलमध्ये लिहिलेली दोनेक पानं तिने मला वाचायला दिली. वसतिगृहात हिचं आडनाव कळल्यावर चार दिवसांत खोली बदलून घेणाऱ्या रूममेटबद्दल ते होतं. लिखाण स्वच्छ होतं. कुठे रडारड नाही, कुठे भाषणबाजी नाही. मी म्हटलं, छापायला पाठव. तर ती म्हणाली, "ताई, पाठवायचंच आहे. पण नाव टाकू का?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात सांगते म्हणाले. आजचं भाषण हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती इथे बसली आहे. कुठे बसली आहे ते मी बघणार नाही, तुम्हीही बघू नका.

नाव टाकावं की नाही हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरीला होते. संपादक म्हणून नाव छापलं जायचं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. उलट त्याआधी तानुबाई बिर्जे यांनी 'दीनबंधु' संपादक म्हणून चालवला. म्हणजे नाव मागे ठेवून लिहिणारेही आपलेच आणि नाव पुढे ठेवून लिहिणारेही आपलेच. त्यामुळे 'नाव लपवलं म्हणजे भित्रेपणा' असलं सोपं उत्तर मी देणार नाही.

मी आज तुम्हाला एका बाईची ओळख करून देणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तिचं नाव ऐकलेलं नसेल. पश्चिम आफ्रिकेतली पत्रकार, मेबल डव्ह. जन्म १९०५, अक्रा शहरात. आज ज्याला आपण घाना म्हणतो तो देश तेव्हा गोल्ड कोस्ट या नावाची ब्रिटिश वसाहत होता. या बाईने एका आयुष्यात वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत निदान चार टोपणनावांनी लिहिलं. आणि मग एक दिवस तिला स्वतःच्या खऱ्या नावाने लोकांपुढे उभं राहावं लागलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर आपण कुणालाही लगेच 'आपल्यासारखी' म्हणून मोकळे होतो. मेबल डव्ह पहिल्या पिढीची शिकलेली नव्हती. वडील फ्रान्सिस डव्ह हे सिएरा लिओनचे, नावाजलेले बॅरिस्टर. आई ईव्हा बकमन, अक्राच्या गा समाजातली, स्वतःचा व्यापार असलेली बाई. मेबलला लहान वयातच फ्रीटाउनला शाळेत घातलं, तिथून इंग्लंडला. म्हणजे किनारपट्टीवरच्या त्या छोट्या, इंग्रजी शिकलेल्या, वकील-डॉक्टर-व्यापारी वर्गातली ती. त्या वर्गालाही गोऱ्यांचा वर्णद्वेष सोसावा लागत होता हे खरं, पण आपल्याच देशातल्या निरक्षर माणसांपेक्षा तो वर्ग स्वतःला वरचा समजत होता हेही खरं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं ऐका.

इंग्लंडमध्ये असताना तिने वडिलांच्या मनाविरुद्ध एक कोर्स केला. कोणता? शॉर्टहँड आणि टायपिंगचा. वडील नाराज झाले. मुलीला परदेशी शिकायला पाठवलं ते सुसंस्कृत गृहिणी व्हावी म्हणून, आणि ही शिकली दुसऱ्याच्या ऑफिसात बसून टकटक करायला!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि मग जरा राग आला. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागे एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मराठी तीस, इंग्रजी तीस, मग चाळीस. माझे वडील सालगडी होते. माझ्या टायपिंगच्या फीसाठी त्यांनी दोन शेळ्या विकल्या. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गावच्या हॉटेलात चार माणसांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला. बॅरिस्टर बापाला जे काम मुलीला कमीपणाचं वाटलं, ते सालगडी बापाला मुलीच्या सुटकेचं वाटलं. टाइपरायटर तोच. फरक इतकाच की त्याच्याकडे कुठल्या पायरीवरून बघितलं जातंय.

पण टाइपरायटरने दोघींनाही एकच गोष्ट दिली, स्वतःच्या कमाईचा पैसा. मेबल परत आली आणि १९२६ पासून अक्रात एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीत शॉर्टहँड टायपिस्ट म्हणून लागली. तिथे तिने आठ वर्षं काढली. लेखक म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो झोपाळा, बाग आणि पुस्तकांचं कपाट. ही बाई पगारी नोकरीत असताना लिहू लागली. १९३१ मध्ये जे. बी. डान्क्वा या वकील-राजकारण्याने 'वेस्ट आफ्रिका टाइम्स' नावाचं दैनिक काढलं आणि त्यात बायकांसाठीचं एक सदर सुरू झालं. लेखिकेचं नाव छापलं जायचं : मार्जोरी मेन्सा.

मेन्सा हे तिकडे अगदी सर्रास सापडणारं आडनाव. आपल्याकडे कुणी 'मीना शिंदे' नावाने लिहावं तसं. नावावरून कुणाची मुलगी, कुठल्या घरची, काही कळायचं नाही.

बायकांचं सदर म्हटल्यावर काय अपेक्षा असते? पाककृती, विणकाम, नवऱ्याला खूश कसं ठेवावं. या सदरात प्रेम आणि लग्न तर होतंच, कपडे होते, शिष्टाचार होते, वाचलेली पुस्तकं होती. पण त्याबरोबरच मुलींनी शिकून कमवावं, बायकांनी देशाच्या कारभारात लक्ष घालावं, हेही होतं.

त्या काळात तिथे लग्नाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा होता ते सांगते, कारण त्याशिवाय या सदराचं वजन कळणार नाही. वसाहतीत १८८४ साली विवाहाचा एक कायदा आला. त्या कायद्याने लग्न केलं तर एकच बायको आणि बायकोला वारसा हक्क. त्याच्या बाजूलाच रूढीप्रमाणे होणारी लग्नं चालूच होती, त्यात पुरुषाला कितीही बायका करता यायच्या. अकान समाजात वारसा आईच्या रक्ताने चालतो. म्हणजे पुरुष मेला की त्याची इस्टेट भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जाणार. आयुष्यभर त्याच्या कोकोच्या बागेत राबलेली बायको आणि तिची मुलं बाहेर. वर पुन्हा कपड्यांवरून बायकांची प्रतवारी : इंग्रजी शिकलेली ती फ्रॉकवाली, आणि देशी कापड नेसणारी ती दुसरी. आपल्याला हे समजायला कठीण जायला नको. पदर कसा, साडी गोल की नऊवारी, भाषा शुद्ध की अशुद्ध, यावरून बाईची किंमत ठरवणारे आपण रोज बघतो.

मार्जोरी मेन्साने या सगळ्यावर लिहिलं. कधी चिमटे काढत, कधी सरळ. ते लिखाण सगळंच आपल्याला पटेल असं नाही. शिकलेली बाई कमी शिकलेल्या बाईला शहाणपण शिकवते आहे, असा सूर त्यात कधीकधी लागतो. आपण तो ओळखतो. आपल्या आयांना तो सूर आयुष्यभर ऐकवला गेला आहे. आणि खरं सांगायचं तर पदवी घेऊन गावी गेल्यावर तोच सूर आपल्याही तोंडून निघतो. म्हणून मेबल डव्ह वाचताना मला तिचा अभिमान वाटतो आणि स्वतःची लाजही वाटते.

आता टोपणनावाची दुसरी बाजू बघा. १९३३ मध्ये मार्जोरी मेन्साच्या लेखांचं एक पुस्तक लंडनहून निघालं. सदर गाजलं होतंच. त्याबरोबर प्रश्न सुरू झाला, हे लिहितं कोण? त्याच वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एका पुरुष लेखकाने त्या नावाच्या लिखाणावर हक्क सांगितला आणि भांडण कोर्टापर्यंत गेलं. त्या नावाखाली एकापेक्षा जास्त हातांनी लिहिलं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे बघा, नाव सुरक्षित ठेवायला म्हणून पडदा लावला, आणि पडद्यामागे कोण आहे हे सिद्ध करायला कोर्टाची पायरी आली.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. आतापर्यंत ती मी कुणाला सांगितलेली नाही.

नोकरीला लागल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी एक लेख लिहिला. आमच्या गावात नळयोजना आली तेव्हा पाइप आमच्या वस्तीच्या अलीकडे कसा थांबला, त्यावर. एका पाक्षिकाला पाठवला. संपादकांचा फोन आला, लेख फार आवडला म्हणाले. मग म्हणाले, आडनाव नसलं तर बरं, म्हणजे विषय सार्वत्रिक होईल. मी 'हो सर' म्हटलं. पहिला लेख होता, मी कशालाही हो म्हटलं असतं. लेख छापून आला, खाली नाव : 'एक वाचक'.

आठवड्याने आमच्या ऑफिसात एका साहेबांनी तो अंक आणला. जेवणाच्या सुट्टीत लेखातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाले, काय लिहिलंय बघा, एखाद्या जुन्या प्राध्यापकाचं लिखाण दिसतंय. मी समोरच्या टेबलावर डबा उघडून बसले होते. माझ्याच ओळी होत्या त्या. मी मान खाली घालून जेवत राहिले. अकरा वर्षं झाली. त्या दिवशी गप्प बसले याचं मला जेवढं लागतं तेवढं कुणी जातीवरून बोललेलंही लागलं नाही.

मेबलच्या गोष्टीकडे परत येते. मार्जोरी मेन्सानंतर ती थांबली नाही. 'आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ती डामा ड्युमास झाली. नायजेरियाच्या 'डेली टाइम्स'मध्ये एबुन अलाकिजा झाली. नाव योरुबा, लागोसच्या वाचकांना घरचं वाटेल असं. पुढे 'अक्रा इव्हनिंग न्यूज'मध्ये अकोसुआ द्झात्सुई. अकोसुआ म्हणजे रविवारी जन्मलेली मुलगी. प्रत्येक ठिकाणच्या वाचकाला ही आपल्यातली वाटावी अशी नावं. लपण्याबरोबरच लोकांच्या जवळ जाण्याचाही हा मार्ग होता.

लपणंही उगीच नव्हतं. १९३४ मध्ये वसाहतीच्या सरकारने राजद्रोहाचा कायदा कडक केला. १९३६ मध्ये त्याच 'आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट'मध्ये आय. टी. ए. वॉलेस-जॉन्सन यांनी टोपणनावाने एक लेख लिहिला. साम्राज्यवादी लोक कोणता देव पूजतात यावर त्यात कडक भाष्य होतं. सरकारने लेखकालाही शोधलं आणि संपादक न्नाम्दी अझिकिवे यांनाही कोर्टात खेचलं. हेच अझिकिवे पुढे स्वतंत्र नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. यातून आपण एवढं लक्षात ठेवायचं : टोपणनाव शेजाऱ्यापासून वाचवतं, सरकारपासून वाचवेलच असं नाही. आज तर मोबाईल नंबरावरून सगळं कळतं.

साहित्यात तिने काय केलं तेही सांगते. १९३२ मध्ये बर्नार्ड शॉ यांचं एक पुस्तक आलं. एक काळी मुलगी देवाच्या शोधात निघते, अशी त्याची गोष्ट. मेबल डव्ह यांनी १९३४ मध्ये वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. त्यांच्या गोष्टीत काळी मुलगी निघते ती शॉ साहेबांच्याच शोधात. नावातच सगळं आलं. इतकी वर्षं तुम्ही आमच्यावर लिहिलंत, आता आम्ही तुम्हाला बघायला निघालो. आपल्या वस्त्यांवर प्रबंध लिहून गेलेल्या लोकांकडे बघून तुम्हालाही असं वाटलं असेल.

आणि त्यांची एक छोटी कथा आहे, 'अँटिसिपेशन'. अमेरिकेतले काळे कवी लँग्स्टन ह्यूज यांनी १९६० मध्ये आफ्रिकी लेखनाचा एक संग्रह काढला, त्यात ती घेतली. कथेत एक राजा आहे. त्याचा मोठा समारंभ चालू आहे. नाचणाऱ्यांत त्याला एक तरुण बाई दिसते. राजा वेडा होतो, माणसं पाठवतो, तिच्या घरच्यांना पैसे देऊन तिला मागून घेतो. रात्री ती समोर येते तेव्हा कळतं की ती आधीच त्याची बायको आहे. पूर्वी पैसे देऊन लग्न केलेली. इतक्या बायकांत ती कोण हे त्याच्या लक्षातही राहिलेलं नाही. कथेत कुणी कुणाला मारत नाही, कुणी रडत नाही. उलट वाचताना हसू येतं. पण एकाच बाईची दोनदा किंमत मोजली जाते आणि दोन्ही वेळा तिचा चेहरा कुणी बघितलेला नसतो, यापेक्षा बहुपत्नीत्वावर आणखी काय लिहायचं? हक्काची मागणी प्रत्येक वेळी घोषणेतच करावी लागते असं नाही, हे मला या कथेने शिकवलं.

आता शेवटचा भाग. १९३३ मध्ये मेबलने त्याच वर्तमानपत्राच्या मालकाशी, डान्क्वांशी लग्न केलं होतं. ते पुढे टिकलं नाही. १९४९ मध्ये क्वामे एनक्रुमा यांनी वेगळा पक्ष काढला, कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी. डान्क्वा हे आधीच्या, सुशिक्षितांच्या पक्षाचे मोठे नेते आणि एनक्रुमांचे विरोधक. मेबल डव्ह एनक्रुमांच्या बाजूने गेल्या. बाजारात बसून धंदा करणाऱ्या बायका, शाळा अर्धवट सुटलेली पोरं, कामगार, असे लोक ज्या पक्षात होते तिथे. बॅरिस्टरच्या मुलीने, वकिलाच्या बायकोने स्वतःच्या वर्गाबाहेर टाकलेलं ते पाऊल होतं.

१९५१ मध्ये त्या पक्षाच्या 'अक्रा इव्हनिंग न्यूज'च्या संपादक झाल्या. पाच महिन्यांत ते पद गेलं. पत्र कसं चालवायचं यावर एनक्रुमांशी मतभेद झाले. पक्ष मात्र त्यांनी सोडला नाही. आपल्या चळवळीत काम करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. नेता आपलाच असतो, म्हणून संपादकाच्या खुर्चीवर बाईला मोकळा हात मिळेलच असं नसतं.

मग आलं १९५४. विधिमंडळाच्या १०४ जागांची निवडणूक. मेबल डव्ह अक्राभोवतीच्या गावांच्या 'गा रूरल' मतदारसंघातून उभ्या राहिल्या. तिथे मार्जोरी मेन्सा चालणार नव्हती, अकोसुआही चालणार नव्हती. मतपत्रिकेवर टोपणनाव चालत नाही. ज्यांच्यातल्या कित्येकांनी त्यांचं इंग्रजी सदर कधी वाचलेलं नव्हतं, अशा गावकऱ्यांपुढे, मासेमारांपुढे, बाजारकरणींपुढे जाऊन सांगावं लागलं, मी मेबल डव्ह. लोकांनी निवडून दिलं. गोल्ड कोस्टच्या विधिमंडळात निवडून आलेली ती पहिली बाई. त्याच निवडणुकीत जे. बी. डान्क्वा पडले.

तीन वर्षांनी, ६ मार्च १९५७ ला, घाना स्वतंत्र झाला. उतारवयात, १९७२ मध्ये, त्यांची दृष्टी गेली. १९८४ मध्ये त्या वारल्या. आणि मृत नवऱ्याच्या इस्टेटीत बायको-मुलांना हक्काचा वाटा देणारा, रूढीच्या लग्नालाही लागू होणारा कायदा घानात झाला १९८५ मध्ये. म्हणजे एका वर्षाने चुकला. स्टेफनी न्यूएल आणि ऑड्री गाडझेक्पो या दोन अभ्यासक बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून त्यांचं लिखाण हुडकून २००४ मध्ये पुस्तक काढलं. ते त्यांना त्यांच्या खऱ्या नावावर जमा करावं लागलं, इतक्या उशिरा. लाखो पानांत असं कितीतरी लिखाण पडून असेल, ज्याच्या मालकिणीचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं.

नाव लपवायचं की नाही हे तू ठरव. संपादकाने ठरवू नये, रूममेटने ठरवू नये, आम्हीही ठरवू नये. तुझी परीक्षा व्हायची आहे, वसतिगृहात तुला अजून दोन वर्षं राहायचं आहे, गाइडची सही बाकी आहे. अशा वेळी तू दुसरं नाव घेतलंस तर ती तुझी युक्ती आहे. मेबल डव्हने घेतली, आपल्या थोरांनीही वेळ बघून नाव मागे ठेवलं. पण 'तुझ्या नावाने विषय छोटा होतो' असं म्हणून दुसऱ्याने ते काढलं, तर त्याला युक्ती म्हणत नाहीत. तेव्हा माझ्यासारखं 'हो सर' म्हणू नकोस. लेख परत माग.

आणि टोपणनाव घेतलंस तर ते तूच निवड. 'एक वाचक', 'एक विद्यार्थिनी' असं काही नको, त्यात माणूसच नसतो. एक नाव घे, तेच पुढे चालव, म्हणजे वाचक त्या नावाला ओळखू लागतील. छापलेल्या प्रत्येक पानाची प्रत घरी ठेव, तारखेसकट, आणि तिच्यावर पेनाने तुझं पूर्ण नाव लिही. आपल्या घरांत कागद जपायची सवय नाही. आपल्याकडे कागद म्हणजे रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि सातबारा असला तर सातबारा. तुझं लिखाणही त्याच पत्र्याच्या पेटीत ठेव. उद्या कुणी म्हणालं की हे एखाद्या प्राध्यापकाचं दिसतंय, तर दाखवायला हातात काहीतरी पाहिजे.

'एक वाचक'चा तो अंक माझ्याकडे आहे. काल रात्री पेटीतून काढला आणि त्या दोन शब्दांवर काट मारून माझं पूर्ण नाव, आडनावासकट लिहिलं. ते साहेब अजून आमच्याच ऑफिसात आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तो अंक त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. काय होईल ते पुढच्या महिन्यात तुम्हाला सांगेन.

तू काय ठरवलंस तेही सांग. जिन्यात सांगितलंस तरी चालेल.

जय भीम.